निव्वळ वजन

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी
बँका बंद असतात
आणि मी बाप असतो,
अकरा ते पाच.

हुकुमात माझं नाव एकदाच आलंय,
पहिल्या पानावर. पुढं सगळीकडं सामनेवाला.
चंदना लहान होती तेव्हा स्कूटरवर
माझ्यासमोर उभी राहायची,
तिच्या बटांमधून मला रस्ता दिसायचा.
आता मागं बसते, शर्ट धरून.
वळणावर मूठ घट्ट होते
तेवढ्यावरून कळतं, आहे.

आमराईच्या फाटकाशी सुजाता सोडून जाते.
आज अकरा वाजून बावीस.
कथ्थकचा क्लास लांबला, असं
फाटकाच्या कडीला सांगितल्यासारखं म्हणाली.
त्या बावीस मिनिटांचं काय करायचं
हे हुकुमात कुठंच नाही.
मीही काही बोललो नाही.
पिशवीत पाण्याची बाटली, एक जादा फ्रॉक
आणि चिठ्ठी:
कांदा, बटाटा, लसूण नको.
जेवण दिवस मावळायच्या आत.
पाचला तर परत द्यायची असते,
माझ्याकडं दिवस मावळेलच कसा?

घाटावर गेलो. होडीला नको म्हणाली.
बिनलसणाचं भडंग शोधत दोन दुकानं फिरलो,
मग झोक्यावर ती आणि घड्याळावर मी.
दीड वाजता कंटाळून म्हणाली,
पप्पा, काट्यावर जाऊया.

मार्केट यार्डातला काटा म्हणजे माझी रोजची जागा.
आज खुर्चीत इलाही मुजावर;
त्याचे रविवार मी फेडतो.
हळदीचा ट्रक येतो, भरलेला उभा राहतो,
पोती उतरवून रिकामा परत येतो.
भरल्यातून रिकामा वजा केला
की उरतं ते निव्वळ वजन.
चौदा वर्षं हेच लिहितोय.
साडेपाचला आमराईवरून एकटा निघतो
तेव्हा मात्र हे गणित करत नाही.

साठ टनी काट्याच्या मधोमध ती उभी राहिली,
देवळाबाहेर काढतात तशा चपला काढून.
लाल आकडा: वीस.
"मागच्या महिन्यात पण वीसच होते!"
दिवाळीतही वीसच होते.
तिला सांगितलं, हा ट्रकांचा काटा बाळा,
वीस-वीसच्या पायऱ्यांनी चढतो.
मधलं वाढलेलं त्याला दिसत नाही.
"मग चाळीस कधी?"
तिशी ओलांडलीस की.
म्हणजे किती शनिवार,
मनातल्या मनात मोजायला लागलो
आणि थांबलो.

इलाहीनं पावती काढली.
वाहन क्रमांकाच्या जागी चंदना.
माल काय लिहू ताई?
ती म्हणाली, भडंग.
यार्डात जमीनच पिवळी;
तिचे तळपाय नळाखाली चोळचोळून धुतले,
माझ्या रुमालानं पुसले,
तरी नखांच्या कडांना राहिलीच थोडी हळद.

पाचला सहा कमी. सुजाता आधीच उभी.
तिची नजर आधी पायांवर गेली.
मी वाट पाहिली.
चंदनानंच खिशातली पावती काढून दिली,
आई बघ, माझी गाडी झाली.
सुजातानं वाचली, उलटून पाहिली,
पुन्हा वाचली.
"वीस कसे? घरच्या काट्यावर चोवीस भरते ही."

दीड वर्षात तिचं हे पहिलं वाक्य
ज्यात वेळ नव्हती, तारीख नव्हती.
आणि घरच्या काट्यावर चोवीस, हे मला
आत्ता कळत होतं.
मी सांगायला लागलो, तो मोठा काटा,
वीस-वीसच्या पायऱ्या,
मधले चार त्याला...
रिक्षावाला हॉर्न देत होता.
ती ऐकत होती की नुसती
पावतीची घडी घालत होती,
नीट कळलं नाही.
घडी तिनं पर्समध्ये ठेवली.

तेव्हा पाच वाजून नऊ झाले होते
आणि कुणीच काही म्हणालं नाही.